उभ्या इंजिनाचा ताप

जळगावच्या अजिंठा चौफुलीवरून मेहरूणच्या बाजूला वळले की गॅरेज, रेडिएटर दुरुस्तीच्या टपऱ्या आणि मोटार रिवाइंडिंगची दुकाने यांची दाटी लागते. एप्रिल उजाडला की यांच्या दारात एकाच तक्रारीच्या गाड्या उभ्या राहतात. गिऱ्हाईक म्हणते, ‘मेस्त्री, गाडी गरम होते.’ मेस्त्री विचारतो, ‘चालू रस्त्याला का उभ्यानं, भाऊ?’ उत्तर बहुतेक वेळा ठरलेले असते. धुळ्यापर्यंत नव्वदच्या वेगाने गाडी नेली तेव्हा काटा जागचा हलला नाही. तापली ती वरातीत. नवरदेवाची गाडी, आत एसी पूर्ण, पुढे बँड, आणि माणसाच्या चालीने दोन तास. नाहीतर नव्याने घेतलेल्या ताकदीच्या गाडीला मित्रांपुढे उभ्या जागी रेस देताना. नाहीतर चाळीसगावच्या पुढे औट्रम घाटात चार तास अडकल्यावर.

मेस्त्रीचा तो प्रश्न म्हणजे निम्मे रोगनिदान आहे. फक्त वेगात असताना तापणारी गाडी पाण्याच्या बाजूने आजारी असते: रेडिएटरच्या नळ्या आतून बुजलेल्या, पाण्याचा पंप झिजलेला, हेडचे गास्केट उडालेले. फक्त उभ्याने तापणारी गाडी हवेच्या बाजूने आजारी असते: पंखा, त्याचा पट्टा, त्याच्याभोवतीचे आवरण, किंवा जाळीत अडकलेला कचरा. आणि काही वेळा गाडी मुळीच आजारी नसते. जे काम तिच्याकडून करून घेतले जात आहे, ते उभ्याने करण्यासाठी ती बनवलेलीच नसते. मला या लेखात मुख्यतः या तिसऱ्या प्रकाराविषयी लिहायचे आहे, कारण खानदेशात उभ्याने राबणाऱ्या इंजिनाचा इतिहास मोठा आहे आणि तो गाड्यांच्या नव्हे, विहिरींच्या काठावर घडला आहे. माझे शिक्षण वाणिज्य शाखेचे. इंजिनांविषयी जे कळते ते जुनी माहितीपुस्तके वाचून, कागदावर गणिते मांडून आणि गॅरेजमध्ये बाकावर बसून कळलेले आहे. त्यामुळे गणित सोपेच असेल.

एक लिटर डिझेल जाळले की साधारण ३६ मेगाज्यूल उष्णता निघते. विजेच्या भाषेत सुमारे १० युनिट. इंजिन कितीही चांगले असले तरी या दहातली सगळी युनिटे चाकाला मिळत नाहीत. ढोबळमानाने एक तृतीयांश दांड्यावर काम म्हणून मिळते, एक तृतीयांश धुरांड्यातून गरम धुराबरोबर जाते, आणि पाव ते तीस टक्के इंजिनाच्या भिंतींत शिरते, जी पाण्याने किंवा हवेने बाहेर काढावी लागते. मळणीयंत्राला जोडलेला ४५ अश्वशक्तीचा ट्रॅक्टर तासाला सहा लिटर डिझेल पीत असेल, तर पाण्यात उतरणारी उष्णता १६ किलोवॅटच्या घरात जाते. म्हणजे न्हाणीघरातले दोन किलोवॅटचे आठ गिझर एकाच वेळी, तासन् तास सुरू. हे सगळे त्या पुढच्या जाळीतून हवेत टाकायचे. हवा वीस अंशांनी गरम होऊन बाहेर पडेल असे धरले, तर दर सेकंदाला पाऊण घनमीटर हवा जाळीतून गेली पाहिजे. दर सेकंदाला, न थांबता.

धावणाऱ्या गाडीला ही हवा फुकट मिळते. ताशी ८० किलोमीटर म्हणजे समोरून सेकंदाला २२ मीटर वेगाचा वारा. या वेगाला पंखा फिरला काय आणि न फिरला काय, फारसा फरक पडत नाही. गाडी थांबली की सगळा भार पंख्यावर येतो. जुन्या अँबेसिडरचा किंवा कुर्ल्याला बनणाऱ्या प्रीमियर पद्मिनीचा पंखा इंजिनाच्याच पट्ट्यावर फिरायचा. इंजिन मंद, तर पंखाही मंद. जास्त हवा हवी तेव्हाच ती कमी मिळायची, आणि म्हणून चौकात थांबलेला जुना टॅक्सीवाला गिअर काढून थोडी रेस देत बसलेला दिसायचा. त्यामागे अनुभवाचे भौतिकशास्त्र होते. १९८३ च्या मारुती ८०० मध्ये इंजिन आडवे बसवलेले होते आणि पंखा विजेवर चालत होता. पाणी तापले की तो इंजिनाच्या वेगाची पर्वा न करता सुरू होई. आज जवळजवळ सगळ्या मोटारींत हीच पद्धत आहे.

इथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. नुसते सुरू ठेवलेले इंजिन फार उष्णता निर्माण करत नाही, कारण ते फार इंधनच जाळत नाही. गिअर नसताना दिलेली रेस आवाजाला मोठी असली तरी तिच्यावर बोजा नसतो. ठीकठाक पंखा असलेली गाडी दहा मिनिटांची रेस सहज सोसते. तापते ती उभ्याने *राबणारी* गाडी: ब्रेक दाबून गिअरमध्ये रेस दिलेली, चाके जागच्या जागी फिरवून टायरचा धूर काढलेली, चाचणीच्या रुळांवर बांधून पूर्ण ताकदीने चालवलेली. ताकदीच्या गाड्यांचे दुखणे इथे सुरू होते. दोनशे अश्वशक्तीची, म्हणजे सुमारे १५० किलोवॅटची पेट्रोल गाडी रस्त्यावर ताशी ८० ने जाताना वीसच किलोवॅटच्या आसपास वापरत असते. तिचा रेडिएटर आणि पंखा पूर्ण ताकदीच्या हिशेबाने घडवलेले असतात ते एका गृहीतावर: पूर्ण ताकद वापरली जाईल तेव्हा गाडी वेगात असेल. वेग नसताना पूर्ण ताकद ही अवस्था आखणाऱ्याच्या कागदावर काही सेकंदांपुरतीच असते.

शिवाय उभ्या गाडीत आणखी एक गोष्ट होते, जी मला बराच काळ लक्षात आली नव्हती, कारण कुठल्याच मेस्त्रीने ती बोलून दाखवली नाही. धावणारी गाडी आपले एक तृतीयांश काम बाहेर नेऊन टाकते, हवा कापण्यात आणि वजन ओढण्यात. उभी गाडी ते कुठे टाकणार? स्वयंचलित गिअरच्या गाडीत ब्रेक दाबून पूर्ण रेस दिली, तर सगळे काम गिअरपेटीच्या तेलात घुसळून उष्णता बनते. आठ लिटर तेल आणि १५० किलोवॅट असा हिशेब मांडला तर तेलाचे तापमान सेकंदाला दहा अंशांच्या वेगाने चढते. अशा चाचणीला दुरुस्तीच्या पुस्तकांत पाच सेकंदांची मर्यादा घातलेली असते, ती यामुळे. हाताने गिअर टाकायच्या गाडीत हीच उष्णता क्लचप्लेटवर आणि टायरवर उतरते. जो धूर पाहून टाळ्या पडतात, तो त्या कामाचा हिशेब असतो.

शर्यतीच्या गाड्यांनी तर हे गृहीत टोकाला नेले आहे. फॉर्म्युला वनच्या गाडीला रेडिएटरचा पंखाच नसतो; वजन वाढते म्हणून. ती सतत वेगात असणार हे धरून तिचा जन्म झालेला. त्यामुळे सुरुवातीच्या रेषेवर उभी असताना तिच्या बाजूच्या खिडक्यांना माणसे फुंकणी लावून उभी असतात, कधी आत कोरडा बर्फही ठेवतात. २०११ ते २०१३ अशी तीन वर्षे ग्रेटर नोएडाच्या बुद्ध सर्किटवर हे दृश्य भारतातही दिसले. जगातली सगळ्यात महागडी इंजिने, आणि सुरुवात लांबली की ती वरातीतल्या गाडीइतकीच असहाय. उलट, इंजिन उभ्यानेच चालवायचे असते तिथे हवा किंवा पाणी बाहेरून आणले जाते. पुण्यात ज्या टेकडीला लोक ‘एआरएआय टेकडी’ म्हणतात, त्या टेकडीवरच्या संस्थेसारख्या वाहन-चाचणी केंद्रांत गाडी रुळांवर बांधली की तिच्या तोंडासमोर माणसाच्या उंचीचा पंखा लावतात. गाडी जागची हलत नाही, मग वाराच हलवायचा.

म्हणजे इंजिनाचा गारवा हा त्याचा स्वतःचा नसतो. तो उसना असतो. मोटारीचा वेगाकडून, शर्यतीच्या गाडीचा पूर्णपणे वेगाकडून, आणि उभ्या इंजिनाचा ते जिथे उभे आहे त्या जागेकडून. ही जागा जर मे महिन्यातला खानदेश असेल तर उधारी महाग पडते. इंजिनातले पाणी ९५ अंशांवर आणि बाहेरची हवा २५ अंशांवर असेल, तर उष्णता ढकलायला ७० अंशांचा उतार मिळतो. आमच्याकडे हवा ४५ वर गेली की उतार ५० चा उरतो. त्याच जाळीतून, त्याच पंख्याने, २९ टक्के उष्णता कमी जाते. गरम हवा विरळ असते, त्याचे आणखी पाच-सहा टक्के. डांबरावरची हवा छातीच्या उंचीवरच्या हवेपेक्षा तापलेली, आणि एसी सुरू असेल तर रेडिएटरच्या पुढे बसलेली एसीची जाळी आधीच गरम करून ठेवलेली. महाबळेश्वरात निर्धोक असलेली गाडी मेहरूणात काठावर येते, ती अशी.

आता विहिरीकडे.

मोट दोन बैलांची असे आणि ती पहाटेची असे. उन्हात बैल थकतो म्हणून ती वेळ. आसोद्याच्या बहिणाबाई चौधरी १९५१ साली गेल्या. त्यांच्या कवितेतली मोट ज्या विहिरींवर चालत होती, त्याच विहिरींवर पुढच्या वीस-पंचवीस वर्षांत डिझेल इंजिने बसली. साताऱ्याच्या कूपर कारखान्यात १९३० च्या दशकातच डिझेल इंजिन बनू लागले होते. १९४६ मध्ये खडकीला किर्लोस्कर ऑइल इंजिन्सची स्थापना झाली. पुढे राजकोटच्या कारखान्यांनी डर्सलीच्या लिस्टर कंपनीच्या जुन्या धाटणीची, दोन जड चाकांची, मिनिटाला साडेसहाशे फेऱ्यांची इंजिने बनवून गावोगाव पोचवली. किर्लोस्करचे पाच अश्वशक्तीचे एव्ही-१ त्या मानाने चपळ: ८० मिलिमीटर व्यासाचा एकच सिलिंडर, ११० मिलिमीटरचा फेरा, मिनिटाला दीड हजार फेऱ्या. या इंजिनांना ना चाके, ना वेग, ना समोरचा वारा. बैलाच्या विश्रांतीची वेळ तर त्यांना कोणी ठेवलीच नाही. केळीला पाणी भर दुपारीही लागते आणि इंजिन भर दुपारीही चालले. रोज, एका जागी, पूर्ण बोज्यावर. ताकदीच्या गाड्यांना जी अवस्था पाच सेकंदांची मिळते, ती या इंजिनांची आयुष्यभराची.

ती टिकली कशी, हे पाहिले की आखणाऱ्यांचे कौतुक वाटते. पहिली युक्ती पिंपाची. इंजिनाशेजारी दोनशे लिटरचे पिंप, खालून एक नळी इंजिनात, वरून एक नळी परत पिंपात. पंप नाही. गरम पाणी हलके होऊन आपोआप वर चढते आणि गार पाणी खालून त्याची जागा घेते. १९०८ साली आलेली फोर्डची मॉडेल टी मोटारही बहुतेक सगळा काळ याच तत्त्वावर चालली, आणि चढावर उकळण्याबद्दल प्रसिद्ध झाली. सहा अश्वशक्तीच्या इंजिनाच्या पाण्यात साडेचार किलोवॅट उष्णता उतरते असे धरले, तर दोनशे लिटर पाणी ३० वरून ९० अंशांवर जायला तीन तास लागतात. त्यानंतरही इंजिन बंद करायची गरज नसते. पाणी उकळू लागते आणि उष्णता वाफेवाटे जाते; तासाला सहा-सात लिटर पाणी उडते, तेवढे बादलीने वरून टाकत राहायचे. उन्हाळ्यात रस्त्याकडेला रसवंतीचे जुने इंजिन दिसले तर त्याच्या डोक्यावरची उघडी पाण्याची कोठी पाहावी. ती वाफाळत असते, मालक निवांत असतो, आणि ते योग्यच आहे. बाहेर ४५ अंश असोत की २५, उघडे पाणी शंभराच्या वर जात नाही. रेडिएटरला उन्हाळा कळतो, उकळत्या कोठीला कळत नाही.

दुसरी युक्ती विहिरीवरच शक्य होती. पंप सेकंदाला कित्येक लिटर पाणी वर फेकतोच आहे, तर त्याच पाइपला बारीक नळी जोडून ते पाणी इंजिनातून फिरवायचे आणि पाटात सोडून द्यायचे. ना पिंप, ना जाळी, ना पंखा. जी विहीर भिजवते तीच इंजिन गार ठेवते. यापेक्षा सोपे काही असू शकत नाही, आणि गंमत अशी की यात इंजिन तापण्याऐवजी गारठत असे. त्या बारीक नळीतून मिनिटाला पाच लिटर पाणी गेले तर ते आत २७ अंशांवर शिरून ४० वर बाहेर पडते. शेतकरी त्याखाली हात धरून समाधानाने सांगायचा, ‘बघा आप्पा, इंजन किती थंड आहे.’ पण डिझेल इंजिनाला इतके थंड नको असते. सिलिंडरची भिंत गार राहिली की डिझेलमधल्या गंधकाच्या धुरापासून आम्ल बनून ते भिंतीवर घामासारखे जमते, लायनर आणि रिंगा वेळेआधी झिजतात, तेल घट्ट राहते आणि तेवढ्याच पाण्याला डिझेल जास्त लागते. बाहेर पडणारे पाणी ६०-७० अंशांवर असावे, म्हणजे हात धरवणार नाही इतके कढत. त्यासाठी मिनिटाला पावणेदोन लिटर पुरते. नळीवर एक चिमटा किंवा तोटी बसवली की काम झाले असते. हे सांगणारे लोक होते, पत्रके होती, पण ‘थंड ते चांगले’ ही समजूत हलली नाही. गॅरेजमध्ये गाडीचा थर्मोस्टॅट काढून फेकण्याची जी सवय आहे, तिचे मूळ मला या विहिरींवरच दिसते. थर्मोस्टॅट काढल्याने हिवाळ्यात इंजिन गारठते, आणि काही इंजिनांत तर पाण्याचा एक भाग रेडिएटर टाळून आडवाटेने फिरत राहिल्यामुळे उन्हाळ्यात गाडी उलट जास्त तापते.

विहिरीवर विसंबलेल्या या व्यवस्थेची खरी परीक्षा १९७२ च्या दुष्काळात लागली असणार, आणि नंतरच्या प्रत्येक कोरड्या उन्हाळ्यात लागत राहिली. पाणी खाली गेले, फूटव्हॉल्व्ह उघडा पडला, की पंप हवा ओढतो. पाटातले पाणी थांबते आणि त्याच क्षणी इंजिनातलेही. बोजा कमी झाल्यामुळे इंजिनाचा आवाज हलका होतो. दूरवर बारे देत असलेल्या माणसाला तो हलकेपणा ऐकू आला तर ठीक. नाही ऐकू आला तर आत अडकलेले थोडेसे पाणी उकळून उडते, पिस्टन फुगतो आणि सिलिंडरला पकडतो. विहीर आटण्याचा आणि इंजिन जाम होण्याचा दिवस एकच असायचा. ज्या वर्षी पीक गेले, त्याच वर्षी लायनर-पिस्टनचा खर्च.

पाणी खोल गेले तसे इंजिनही खाली गेले. जमिनीवर बसवलेला साधा पंप सहा-सात मीटरपेक्षा खोलचे पाणी खात्रीने ओढू शकत नाही. तो पाणी ‘ओढत’ नसतोच, बाहेरच्या हवेचा दाब ते वर ढकलत असतो, आणि त्या दाबाची ताकद कागदावरसुद्धा दहा मीटरांच्या थोडी पुढेच संपते. म्हणून विहिरीत कपार फोडून किंवा लोखंडी गर्डर टाकून इंजिन आत उतरवले जाई. हवेने गार होणारे इंजिन असेल तर ते खाली स्वतःचीच तापलेली हवा पुन्हा पुन्हा ओढते. पण तापणे ही तिथली लहान गोष्ट. धुराचा पाइप वरपर्यंत नेलेला नसेल, किंवा सांध्यातून गळत असेल, तर विहिरीत कार्बन मोनॉक्साइड साचतो. त्याला वास नाही, रंग नाही. बंद पडलेले इंजिन पाहायला एक उतरतो, तो वर येत नाही म्हणून दुसरा उतरतो. अशा बातम्या महाराष्ट्रात इतक्या वेळा छापून आल्या आहेत की त्यांचा मजकूर वाचण्याआधीच ठाऊक असतो. अशा विहिरीत उतरण्याआधी इंजिन बंद करून बराच वेळ जाऊ द्यावा आणि उतरणाऱ्याच्या कमरेला दोर बांधून वर दोन माणसे ठेवावीत. वरच्यांनी काहीही झाले तरी मागोमाग उतरू नये.

वीज आली तशी विहिरीवरची इंजिने मागे पडली, पण उभ्याने राबण्याचे काम संपले नाही. ते चाकांच्या यंत्रांकडे आले. ट्रॅक्टर हे त्याचे ठळक उदाहरण. मागचा दांडा मिनिटाला ५४० फेऱ्यांनी मळणीयंत्र फिरवतो, ट्रॅक्टर जागचा हलत नाही, आणि मक्याचा, ज्वारीचा, हरभऱ्याचा भुसा हवेत उडत असतो. ट्रॅक्टर मुळात मंद चालणारा, त्यामुळे त्याचा पंखा मोटारीपेक्षा मोठा असतो आणि त्याला उभ्याने काम जमते. अडचण भुशाची आहे. पंखा सेकंदाला पाऊण घनमीटर हवा ओढतो म्हणजे त्या हवेतला भुसाही ओढतो, आणि तासाभरात जाळीवर गोधडी चढते. वरून ती फक्त मळलेली दिसते. ट्रॅक्टर उभा करताना वाऱ्याची दिशा पाहून त्याचे तोंड वाऱ्याकडे आणि यंत्र वाऱ्याच्या खालच्या बाजूला ठेवले, तर निम्मे काम होते. उरलेले दर तासाला इंजिन मंद करून जाळी झटकण्याने. जाळी धुताना पाणी इंजिनाच्या बाजूने पुढच्या दिशेला मारावे, ज्या वाटेने कचरा आला त्याच्या उलट. समोरून जोरात पाणी मारले की भुसा आणखी आत बसतो. पंख्याभोवतीचे आवरण तुटले म्हणून काढून टाकलेले ट्रॅक्टर मी पुष्कळ पाहिले आहेत. आवरण गेले की पंखा आपल्याच कडेवरून गरम हवा मागे ओढतो. आवाज तेवढाच, काम निम्मे.

सापुताऱ्याकडे किंवा शिरपूरच्या पुढे बिजासन घाटात भरलेला ट्रक पहिल्या-दुसऱ्या गिअरवर चढतो तेव्हा तोही जवळजवळ उभाच असतो. मागून वारा असेल तर खरोखरच हवेच्या हिशेबाने उभा. घाटाच्या तोंडाशी पाण्याच्या टाक्या आणि बादल्या ठेवलेल्या असतात त्या याचसाठी, पण तिथेच सर्वात जास्त अपघात होतात, म्हणून थोडे सविस्तर लिहितो. रेडिएटरचे झाकण दाब धरून ठेवते, सुमारे ०.९ बार दाबाखाली पाणी ११८ अंशांपर्यंत उकळत नाही. ११५ अंशांवरच्या आठ लिटर पाण्याचे झाकण उघडले की दाब जातो आणि त्यातल्या सुमारे पाव लिटर पाण्याची एका क्षणात वाफ होते. पाव लिटर हा आकडा किरकोळ वाटतो, पण तेवढ्या वाफेला साडेतीनशे लिटरच्या वर जागा लागते. ती वाफ उरलेले कढत पाणी बरोबर घेऊन उघडणाऱ्याच्या तोंडावर येते. फडके धरून उघडले तरी येते. वरची नळी जाड फडके धरून दाबून पाहावी. ती टणक असेल तर झाकणाला हात लावू नये. आणि रिकाम्या, तापलेल्या इंजिनात गार पाणी ओतले की हेडला तडा जातो किंवा ते वाकते. ॲल्युमिनियमचे हेड बिडाच्या ब्लॉकपेक्षा दुप्पट प्रसरण पावते, आणि हा फरक गास्केटला सोसावा लागतो.

काट्यावरही पूर्ण विश्वास नको. काट्याला माहिती देणारी कळ पाण्यात बुडलेली असते. पाणी गळून गेले की ती कोरडी पडते आणि काटा खाली येतो. गाडी बरी झाली असे वाटण्याचा हा क्षण सगळ्यात वाईट. तसेच, खूप राबलेले इंजिन एकदम बंद करू नये. पाण्याचा पंप थांबतो, पण धातूत साठलेली उष्णता थांबत नाही; पाणी पुढची काही मिनिटे तापतच राहते, आणि टर्बोच्या धुऱ्यावरचे तेल जळून कोळसा होते. तीन-चार मिनिटे मंद चालू ठेवून मग बंद करावे. मात्र वाफ दिसत असेल, पाणी गळून गेले असेल, किंवा काटा लाल रेषेच्या वर असेल, तर हा नियम उलटा होतो: लगेच बंद. वरातीतल्या गाडीसाठी मेस्त्री लोक सांगतात तो उपाय अघोरी वाटला तरी बरोबर आहे. एसी बंद, काचा खाली आणि हीटर पूर्ण. हीटर हा लहानसा दुसरा रेडिएटरच असतो. नवरदेवाला घाम येईल, पण गाडी मांडवापर्यंत पोचेल.

उभ्याने राबणाऱ्यांतले सगळ्यात मोठे इंजिन हल्ली रात्री ऐकू येते. तमिळनाडूतल्या तिरुचेंगोडेहून आलेल्या बोअरच्या गाड्या रावेर, यावल, चोपड्याच्या केळीपट्ट्यात उभ्या राहतात, आणि त्यांच्या पाठीवरचा कॉम्प्रेसर तासन् तास पूर्ण बोज्यावर हवा कोंबत असतो. त्याचा रेडिएटर गाडीच्या रेडिएटरपेक्षा कितीतरी मोठा असतो, कारण आखणाऱ्याला पहिल्या दिवसापासून ठाऊक असते की हे यंत्र उभेच राहणार. ते ज्या पाणबुडी मोटारीसाठी भोक पाडते, तिची गोष्ट मात्र विहिरीवरच्या जुन्या इंजिनाचीच आहे. या मोटारीला पंखा नाही. ती तळाशी असते, पंप तिच्या डोक्यावर, आणि पाणी आत घेण्याची जागा दोघांच्या मध्ये. खालून वर येणारे पाणी मोटारीच्या अंगावरून जाते तेव्हाच ती गार राहते. झरा मोटारीच्या वर असेल तर पाणी वरूनच पंपात शिरते आणि मोटार आपल्याच गरम, साचलेल्या पाण्यात बसून राहते. तिच्याभोवती पाइपचे आवरण घातले तर पाणी खाली वळून अंगावरून जाते, पण ते घालणारे थोडे. बोअरमध्ये गाळ चढला की मोटार त्यात रुतते, आणि गाळातून उष्णता जवळजवळ जातच नाही. पातळी खाली गेली की सगळेच थांबते. कोरडे चालल्यावर वीज तोडणारे उपकरण पॅनेलमध्ये बसवता येते, आणि जळालेली मोटार पुन्हा गुंडाळण्याच्या खर्चापुढे ते स्वस्त पडते. मेहरूणच्या रिवाइंडिंगवाल्यांकडे मे महिन्यात ज्या मोटारी फळीवर ओळीने मांडलेल्या असतात, त्यांच्यातल्या बऱ्याच जणींच्या अंगावर गाळाची पांढरी रेघ असते. ती किती उंचीवर आहे हे पाहून कारागीर मालकाला सांगतो की मोटार किती फूट वर ओढून बसवायची.